डाव्या हाताचं देणं

माझं पोट डाव्या हातावर चालतं. महाडात मी घरांचे नकाशे काढून देतो. आता सगळं संगणकावर होतं, पण गिऱ्हाईक समोर बसलं की पहिलं चित्र मी कागदावर पेन्सिलीनेच काढतो, आणि नवखा माणूस हमखास विचारतो, "डावरे काय तुम्ही?" हा हात शाबूत राहिला त्याचं श्रेय ना घरच्यांना, ना शाळेला. ते आमच्या वाडीच्या अंगणवाडीतल्या बाईंना.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की आत, डोंगराला लागून आमची वाडी. बाप्ये बरेचसे मुंबईला. अंगणवाडीला इमारत नव्हती, एका घराची पडवी होती. पावसात एका अंगाने झड यायची, तिथे गोणपाट बांधलेलं. वजनकाटा, पाट्या, सुकडीचा डबा, पाण्याची कळशी, एवढंच सामान. खेळणी बाईंनी स्वतः गोळा केलेली: चिंचोके, रिठे, सावरीचा कापूस, नदीतले गोटे. गुंजाही होत्या, पण विषारी म्हणून बाटलीत बूच मारून बंद. त्या नुसत्या हलवून वाजवायच्या. बाटली कुणाकडे किती वेळ राहणार यावरून रोज तंटा.

आजीचा माझ्या डाव्या हातावर राग. भाकरीला तो हात लागला की फटका बसायचा. तिने मला बाईंच्या हवाली केलं तेच ह्या बोलीवर: "बाय, ह्याचा हात तेवढा सरळ कर." बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "आजी, जेवताना उजवा. खेळताना कुठला का असेना, ते मी बघते." आजीला वाटलं, काम झालं. आता अंगणवाडीत सुकडी खाण्यापुरता वेळ सोडला तर बाकी सगळा खेळच होता. खडू, कोळसा, गेरू, भिंत, जमीन, सगळं खेळात मोडत होतं. पुढे पहिलीत गुरुजींनी पेन्सिल माझ्या उजव्या हातात कोंबली, तेव्हा बाई शाळेत जाऊन काय बोलल्या कोण जाणे. पण त्यानंतर मला कुणी टोकलं नाही.

सगळ्यात रंगायचा तो एसटीचा खेळ. सुंभाच्या दोरीत सगळे शिरायचे, पुढचा ड्रायव्हर, मागचा कंडक्टर. कोळशाने जमिनीवर रस्ता आखायचं काम माझं. लोहारमाळ, राजेवाडी, नांगलवाडी, महाड. तिकिटं ऐनाच्या पानांची, पैसे म्हणजे चिंचोके. सुट्ट्यांवरून भांडणं जुंपायची. त्या भांडणांत आम्ही वजाबाकी शिकत होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, बाईंनी तर नाहीच.

एकदा कंडक्टर झालेल्या एका पोराने मुंबईचं तिकीट द्यायला साफ नकार दिला. त्याचा बाप गणपती करून नुकताच परत गेला होता. "मुंबईला गाडी जानार नाय. नुसती येनार." मुलं खवळली. दुसरं कुणी असतं तर त्याची समजूत काढली असती, नाहीतर दुसरा कंडक्टर नेमला असता. बाईंनी विचारलं, "बरं, मग येणाऱ्या गाडीतनं काय काय येतंय?" झालं, सगळे लागले टपावर सामान चढवायला. ट्रंक, बिस्किटं, रेडिओ, नवी छत्री. शेवटी कुणाचे तरी बाबाही टपावरच बसले.

हे सगळं त्यांना कुठून सुचायचं, ते मी मोठेपणी विचारलं. म्हणाल्या, "प्रशिक्षणात अनुताईंचं ऐकलं होतं." एवढंच. मग मी अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळवलं आणि तो धागा धरून मागे गेलो. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसोरी पद्धतीने काम केलेलं. पण १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं, तेव्हा त्या पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. शंखशिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, वारल्यांच्या मुलांत, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरली. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. म्हणजे आमच्या पडवीतले चिंचोके बरंच लांबून आलेले.

ती कळशीही मला तेव्हाच पुन्हा दिसली. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते महाड आमच्या बाजाराचं गाव. तरी वाडीवाडीतल्या कळशा पुढे कितीतरी वर्षं वेगळ्याच राहिल्या. आमच्या पडवीत कळशी एक, ओगराळं एक. मराठ्यांची, बौद्धवाडीतली, कातकरवाडीतली पोरं त्याच पाण्याला. बाईंनी यावर कधी भाषण दिलं नाही. पाणी द्यायची पाळी मात्र रोज वेगळ्या पोरावर असायची.

आता तिथे दुसरी सेविका आहे. मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा, वजनं, लसीकरण, गरोदर बायकांच्या घरभेटी, आणि हे सगळं मानधनावर, पगारावर नव्हे. यातून उरेल तो वेळ खेळाला. ज्यांना परवडतं ते पोरांना गाडीने इंग्रजी केजीत धाडतात. चौथ्या वर्षी चार रेघांत ए-बी-सी गिरवणारं पोर बघितलं की मला त्याच्या हातात कोळसा द्यावासा वाटतो. पण आईबापांना नावं कशी ठेवू? पोरगं काहीतरी शिकतंय हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं असतं. माझ्या आजीलाही तेच हवं होतं.

निवृत्त झाल्यावर बाईंनी घर बांधायला काढलं. पैसे घेणार नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "फुकटच्या नकाशावर मी घर बांधायची नाही." पुरे पैसे मोजून दिले, सुट्ट्यांसकट. त्यांना पुढे लांबरुंद पडवी हवी होती. मी म्हटलं, "बाई, रस्त्यापासून जागा सोडावी लागते. एवढी पडवी बसत नाही." त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, मधली भिंत खोडली आणि आतली खोली निम्मी करून टाकली.

"मला एकटीला एवढी खोली काय करायचीय? पोरं येतात संध्याकाळची."