वालुकाश्मावरील पहाट

छायाचित्रकाराची गणना लोक बहुधा उतावळ्या माणसांत करतात. कळ दाबली की त्याचे काम संपले, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, कोलोरॅडो पठाराच्या वाळवंटी प्रदेशात, सूर्योदयाची वाट पाहत उभा असलेला छायाचित्रकार ज्याने पाहिला, त्याचा हा समज फार काळ टिकत नाही. थंडीने बोटे बधिर झालेली असतात, भोवती अंधार असतो, आणि हा माणूस तासन् तास एका दगडाकडे तोंड करून स्वस्थ उभा असतो. एखाद्या व्रतस्थाची निष्ठा त्याच्या ठिकाणी दिसते.

तो दगडही काही साधा नव्हे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर वाळूच्या टेकड्यांचा अफाट सागर पसरला होता. वाऱ्याने वाळूचे थर तिरकस रचले. कालांतराने त्यांवर इतर थरांचे ओझे पडले. जमिनीत मुरलेल्या पाण्यातील क्षार कणाकणांमध्ये साचले आणि वाळूचा खडक झाला. यालाच ‘नावाहो वालुकाश्म’ म्हणतात. कणांवर चढलेल्या लोहाच्या गंजाचा पातळ लेप त्याला तांबूस रंग देतो. वाऱ्याने एके काळी वाळूवर ओढलेल्या तिरप्या रेषा त्या खडकावर आजही स्पष्ट वाचता येतात. वारा गेला, वाळवंट गेले. अक्षरे मात्र राहिली.

ही अक्षरे भर दुपारी नीट दिसत नाहीत. सूर्य माथ्यावर असला की सावल्या लोपतात आणि खडक निस्तेज, सपाट भासतो. पहाटेचे तसे नाही. सूर्य उगवण्यापूर्वी पश्चिमेच्या आकाशात पृथ्वीची निळसर सावली दिसते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा उमटतो. मग क्षितिजावरून येणारे किरण वातावरणाचा फार मोठा थर ओलांडून येतात. वाटेत त्यांतील निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबूस-सोनेरी प्रकाश तेवढा उरतो. तो जमिनीलगत आडवा येत असल्यामुळे खडकावरील प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते. तांबड्या दगडावर तांबडा प्रकाश पडला की जणू खडकाच्या आतूनच दीप उजळला, असे वाटते.

कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील ‘मेसा आर्च’ या नैसर्गिक कमानीपाशी तर याहून नवल घडते. ही कमान एका उंच कड्याच्या अगदी टोकाशी आहे. सूर्य वर येताच त्याचे किरण खालच्या कड्यावर पडतात आणि तेथून उलटून कमानीच्या तळाशी पोहोचतात. ज्या बाजूस सूर्य कधीच दिसत नाही, ती बाजू निखाऱ्यासारखी पेटते. कमानीतून दूरवर ला साल पर्वताची शिखरे दिसतात. हा सोहळा अल्पकाळच टिकतो. तेवढ्यात छायाचित्रकाराला सगळा हिशेब करावयाचा असतो. आकाशाकडे पाहून प्रकाश मोजला तर खडक काळाठिक्कर पडतो. खडकाकडे पाहून मोजला तर आकाश पांढरेफटक होते. म्हणून तो तिपाई अंधारातच रोवून ठेवतो, भिंगाचे छिद्र लहान करून जवळचा दगड आणि दूरचे शिखर दोन्ही रेखीव येतील अशी व्यवस्था करतो, आणि थांबतो.

या प्रदेशात थांबण्याची परंपरा जुनी आहे. १८७१ साली मेजर पॉवेल यांनी कोलोरॅडो नदीची दुसरी शोधसफर सुरू केली. तीत जॉन हिलर्स हा तरुण नावाडी म्हणून आला होता. वल्ही मारता मारता तो छायाचित्रण शिकला आणि पुढे त्या सफरीचा छायाचित्रकार झाला. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि काळोख्या तंबूत लगेच धुवावे लागे. काचा, रसायने, तंबू आणि जड कॅमेरा हे सारे ओझे नावांतून आणि कड्यांवरून वाहून न्यावयाचे! एका चित्रासाठी एवढे कष्ट पडत असल्यामुळे पाहण्यात आळस करण्याची सोयच नव्हती.

आज साधने हलकी झाली आहेत. मोह मात्र वाढला आहे. २००० साली जवळच्याच आर्चेस राष्ट्रीय उद्यानात एका छायाचित्रकाराने ‘डेलिकेट आर्च’ या विख्यात कमानीखाली रात्री आग पेटवली. जो रंग पहाट विनामूल्य देते, तो त्याला तिची वाट न पाहता हवा होता. खडकावर तेलकट डाग पडले आणि त्याला न्यायालयाची शिक्षा भोगावी लागली. त्याहून नकळत घडणारा अपराध म्हणजे वाट सोडून टाकलेले पाऊल. तेथील मातीवर सूक्ष्म जिवांची काळपट, खडबडीत साय धरलेली असते. तीच वाळूला बांधून ठेवते. एका पावलाने ती मोडते आणि भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून जाणता छायाचित्रकार उघड्या खडकावरून किंवा आखलेल्या वाटेनेच चालतो. मनासारखी जागा मिळाली नाही, तर मिळालेल्या जागेवरून दिसेल तेवढेच घेतो.

खडक म्हटला की आपल्याला तो चिरंतन वाटतो; परंतु पाणी त्याच्या सांध्यांतील चुना विरघळवते, फटींत गोठून त्याला फाकवते. १९९१ साली ‘लँडस्केप आर्च’ या लांबलचक कमानीची भलीमोठी चीप प्रवाशांच्या देखत कोसळली. २००८ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘वॉल आर्च’ ही कमान एका रात्रीत पडली; तेव्हा तिच्याजवळ कोणीही नव्हते. पूर्वी कोणी कोणी पहाटे उठून, थंडीत उभे राहून तिची चित्रे घेतली होती. त्यांतील प्रत्येकाला त्या दिवशी आपण केवळ एक सुंदर प्रकाश टिपला असे वाटले असेल. आज त्याच चित्रांवरून ती कमान कशी होती, तिच्यावर ऊन कोठवर चढत असे, हे पाहावयास मिळते.