काचेच्या गोळीत फिरणारा उजेड

मागे मोठा डबा असलेला जुना टीव्ही आठवतोय का? त्यातल्या काचेच्या नळीला पिक्चर ट्यूब म्हणायचे. आमच्या गाझियाबादेत अशा ट्यूब तयार व्हायच्या. माझे बाबा सोलापूर सोडून इथे आले ते याच कामासाठी.

पुढे सपाट पडद्यांचे टीव्ही आले आणि बाबांचा कारखाना बंद पडला. त्यांनी दुसरी नोकरी धरली, पण त्या कामाबद्दल बोलणंच सोडलं. विचारलं तर म्हणायचे, "गेलेल्या गोष्टीचं काय सांगायचं?"

मागच्या महिन्यात एका लेखासाठी वाचताना कळलं, की काचेच्या अतिसूक्ष्म गोळ्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की त्या उजळतात. मी बाबांना सांगितलं.

"अगं, आमच्या ट्यूबमध्ये वेगळं काय होतं?" ते म्हणाले आणि पेन घेऊन वहीत चित्रच काढायला बसले. मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन गन, समोरच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप. झोत आदळला की लाल, हिरवे, निळे ठिपके उजळायचे. 625 ओळींचं एक चित्र, अशी सेकंदाला 25 चित्रं!

गोळीत मात्र आणखी एक गंमत असते. गोळी केसाहून बारीक. आत तयार झालेला काही उजेड बाहेर न पडता काचेच्या कडेकडेने गोल फिरत राहतो. ज्या रंगाच्या लाटा त्या फेरीत बरोबर पूर्ण संख्येने बसतात, तेच रंग जास्त उठून दिसतात. गोळीला बाहेरून काही चिकटलं तरी हे रंग किंचित सरकतात. म्हणून अशा गोळ्या सूक्ष्म कण ओळखणाऱ्या सेन्सरसाठी उपयोगी पडतात.

"म्हणजे विजापूरचा गोल घुमटच की!" बाबा म्हणाले. सोलापूरकरांना तो घरचाच. 1656 साली पूर्ण झालेल्या त्या घुमटात सज्जाच्या एका बाजूला कुजबुजलं, तर आवाज भिंतीच्या कडेने फिरून पलीकडे ऐकू येतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1922 च्या सुमारास अशा घुमटांचा अभ्यास केला होता. उजेडाच्या या फिरण्यालाही शास्त्रज्ञ 'व्हिस्परिंग गॅलरी' हेच नाव देतात.

त्या दिवसापासून बाबा स्वतःहून कारखान्याच्या गोष्टी सांगतात. भट्टीची धग, रात्रपाळीचा चहा, पहिली ट्यूब उजळली तो क्षण. मी सगळं लिहून ठेवतेय.

तुमच्याही घरात कुणाचं तरी असं बंद पडलेलं काम असेल. "कसे आहात?" याऐवजी एकदा "ते कसं बनवायचात?" असं विचारून बघा.