पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि वर्गमुळाचे गणित

मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तिथे एनएमआर यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक गोष्ट लवकरच उमगते. रेणूंकडून येणारा संकेत अनेकदा इतका क्षीण असतो की एका मोजणीत तो गोंगाटात बुडून जातो. म्हणून तीच मोजणी पुनःपुन्हा करून सरासरी काढतात. संकेत दर वेळी ठरल्या जागीच उमटतो, त्यामुळे तो टिकतो. गोंगाट कधी वर, कधी खाली, त्यामुळे तो आपसांत खोडला जातो. शंभर मोजण्यांनी गोंगाट दहापट घटतो, दहा हजारांनी शंभरपट. वर्गमुळाचा हा नियम कठोर आहे. स्पष्टता दुप्पट हवी असेल, तर वेळ चौपट द्यावा लागतो.

प्रयोगशाळेत ही किंमत परवडते. यंत्र रात्रभर चालू ठेवून विद्यार्थी खोलीवर जाऊन झोपू शकतो. परंतु याच शहरात, काही किलोमीटरवरच्या रुग्णालयांत, जिथे पंजाब, हरयाणा आणि हिमाचलातून रुग्ण येतात, तिथे हाच नियम शस्त्रक्रियेच्या टेबलाशी लागू होतो. आणि तिथे वेळ उधार मिळत नाही.

समजा, चौदा वर्षांच्या एका मुलीचा कणा एका बाजूला वाकला आहे. सर्जन मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना धातूची दांडी जोडतात आणि कणा हळूहळू सरळ करतात. हाडे सरळ होताना आतला मज्जारज्जूही ताणला जातो. तो जेमतेम करंगळीएवढा जाड. त्याचा रक्तपुरवठा आवळला गेला किंवा स्क्रू काही मिलिमीटर चुकीच्या बाजूला गेला, तर मुलगी चालत आली आणि चालत गेली नाही, असे होऊ शकते. असे शंभरात एकीच्याही बाबतीत घडत नाही. पण ज्या घरात घडते, तिथे टक्केवारीला अर्थ उरत नाही.

मुलगी भुलीखाली आहे. पाय बधिर झाला, हे ती सांगू शकत नाही. मग कळावे कसे?

फ्रान्समधील ल्यों शहरातील पिएर स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दिलेले उत्तर धाडसी होते: शस्त्रक्रियेच्या मध्येच भूल हलकी करून रुग्णाला अर्धवट जागे करायचे, आधी हात हलवायला सांगायचे, मग पाय. हात हलले आणि पाय हलले नाहीत, तर दांडी तत्काळ सैल करायची. या चाचणीला यंत्र लागत नाही आणि ती आजही उपयोगी पडते. मात्र ती एका क्षणाचेच चित्र देते. दहा मिनिटांनी काय झाले, हे तिला ठाऊक नसते.

त्यानंतरच्या वर्षांत अखंड पहारा आला. घोट्याजवळच्या चेतातंतूला विजेचा हलका झटका देतात. तो संदेश मज्जारज्जूतून वर चढतो आणि सुमारे ४० मिलिसेकंदांत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर उमटतो. त्याची उंची साधारण एक मायक्रोव्होल्ट. भोवती मेंदूच्या स्वतःच्या लहरींचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट. इथे एनएमआरचीच युक्ती कामी येते. गोंगाट दहा मायक्रोव्होल्ट धरला, तर चारशे झटक्यांच्या सरासरीने तो अर्ध्या मायक्रोव्होल्टवर येतो. सेकंदाला ४.७ झटके दिले, तर त्याला ८५ सेकंद लागतात. आणखी दुप्पट खात्री हवी असेल, तर साडेपाच मिनिटांहून अधिक.

(४.७ हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. झटके सेकंदाला नेमके पाच दिले, तर विजेची गुणगुण दर वेळी त्याच टप्प्यावर सापडते आणि खोडली जाण्याऐवजी संकेतासारखीच टिकून राहते. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत विचारावा असा हा प्रश्न आहे.)

संकेताची उंची निम्म्याने घटली किंवा तो दहा टक्क्यांनी उशिरा आला, तर धोका मानावा, असा रूढ संकेत आहे. पण हा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातो आणि हालचालीच्या आज्ञा वाहणारे तंतू व त्यांचा रक्तपुरवठा वेगळा आहे. त्यामुळे पडद्यावर सारे ठीक दिसत असताना पाय गेल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये कवटीवरूनच मेंदूला विद्युत्-स्पंद देऊन स्नायू हलवता येतो, हे दाखवले. पुढे स्पंदांची मालिका वापरून ते भुलीतही साधले. स्नायूचा प्रतिसाद मोठा असतो. सरासरीची गरज नाही, उत्तर तत्क्षणी. पण त्यासाठी भूलतज्ज्ञाला भुलीचे वायू टाळून शिरेतून देण्याच्या औषधांवर भर द्यावा लागतो, स्नायू शिथिल करणारी औषधे आवरावी लागतात आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत बोळा ठेवावा लागतो.

इशारा मिळाल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न. शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रक्तदाब उतरता ठेवण्याचा मोह असतो. संकटातल्या मज्जारज्जूला मात्र चढता रक्तदाब हवा. म्हणून हात थांबवायचे, इलेक्ट्रोड निसटला नाही ना ते पाहायचे, रक्तदाब वाढवायचा, हिमोग्लोबिन आणि तापमान तपासायचे आणि शेवटची कृती उलटवायची: दांडी सैल, प्रसंगी स्क्रू बाहेर.

१९९५ मध्ये ५१,२६३ शस्त्रक्रियांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. संकेत-निरीक्षणाचा दीर्घ अनुभव असलेल्या चमूंकडे मज्जासंस्थेची इजा कमी अनुभवी चमूंच्या तुलनेत निम्म्याहून कमी होती. हा काटेकोर प्रयोग नव्हे, सर्वेक्षण आहे. तरीही पडद्यासमोर कोण बसले आहे, याने फरक पडतो, हे त्यातून दिसते. पडद्यासमोरचा तंत्रज्ञ फार वेळा खोटा इशारा देऊ लागला, तर सर्जन ऐकेनासा होतो. आणि पूर्ण खात्रीची वाट पाहत बसला, तर वर्गमुळाचा नियम त्याला गाठतो. आपल्याकडे यंत्राच्या खरेदीचा समारंभ होतो, या माणसाच्या प्रशिक्षणाचा होत नाही.

यंत्राचे मोल अर्थातच कमी नाही. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयातील एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३३ रुग्णांच्या ४७८ स्क्रूंची तुलना प्रसिद्ध केली. संगणकीय दिशादर्शनाविना बसवलेल्या स्क्रूंपैकी २३ टक्क्यांनी हाडाची भिंत ओलांडली होती, दिशादर्शनासह केवळ २ टक्क्यांनी. भिंत ओलांडली म्हणजे इजा झालीच असे नाही. पण इशारा देण्याची वेळच न येणे केव्हाही बरे.

आणि एवढे सारे झाल्यावर, जखम शिवून भूल उतरली की शेवटची तपासणी १९७३ सालचीच असते. मोहालीत ती पंजाबीत होते, कधी हिंदीत, कधी पहाडीत. कोणीतरी मुलीच्या कानाशी वाकून तिला पायाची बोटे हलवायला सांगते, आणि खोलीतले सगळे पांघरुणाच्या टोकाकडे पाहतात.