कुंभाराच्या लेकीचं लग्न

संक्रांतीचा सण आला की सोलापुरात पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजांमागून चालू लागतात. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली. तरी ग्रामदैवत सिद्धरामांच्या यात्रेला, गड्ड्याला, ती घरी येतातच. श्रद्धा आटली म्हणणाऱ्यानं संमती कट्ट्याभोवतीच्या त्या गर्दीत एकदा उभं राहावं.

तिथं लग्न लागतं ते कुंभाराच्या लेकीचं. तिनं सिद्धरामांना मनानं वरलं होतं. ते विरक्त, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाहाची संमती दिली, अशी कथा आहे. सात नंदीध्वजांतल्या सहाव्या आणि सातव्याचा मान मातंग समाजाकडे आहे. अवघं गाव वऱ्हाडी होतं.

आणि सिद्धराम तरी एकाच श्रद्धेला बांधलेले कुठं होते? बाराव्या शतकात त्यांनी सोलापुरात तळं खणवलं, देवळं उभारली. मग शिवशरण अल्लमप्रभू भेटले. दगडमातीतल्या देवापलीकडचं काही त्यांनी दाखवलं, असं परंपरा सांगते. सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या शिवशरणांच्या मेळ्यात गेले, कन्नडमध्ये वचनं लिहू लागले. एवढं नाव झालेला माणूस आपली भक्ती पुन्हा तपासून पाहतो, हे मला त्यांच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा थोर वाटतं.

श्रद्धा अशी बदलली तरी बुडत नाही. याच जिल्ह्यात, पंढरपुरात, 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा विठोबाचं दार दलितांना उघडलं. धर्म बुडेल म्हणणारे तेव्हाही होतेच. वारी आजही चालते आहे, पूर्वीपेक्षा भरून.

म्हणून नवी पिढी सोवळं पाळत नाही, उपवास मोडते, याचं मला दुःख होत नाही. दुःख होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. संमती कट्ट्यापाशी कुंभाराच्या लेकीवर अक्षता टाकणारे हात, स्वतःच्या लेकीनं जातीबाहेरचा मुलगा निवडला की आखडतात. कुणी बोलणं टाकतं, कुणी तिचं नावही घरात काढू देत नाही. देवाच्या लग्नात चालतं ते आपल्या मांडवात का चालू नये? हा प्रश्न आज सोलापुरातल्या कितीतरी मुली विचारत असतील, आणि त्यांना मी नास्तिक म्हणणार नाही. सिद्धराम त्यांनाच नीट कळले आहेत.

यंदा गड्ड्याला जाल तेव्हा मूठभर अक्षता घरी राखून ठेवा. लेक उद्या कुणाचंही नाव घेऊन दारात आली, तरी त्या तिच्या डोक्यावर टाका.