नकाशावरील टांचणी आणि पुस्तकांतील वाट

कोणतेंही नवें साधन घरांत आलें म्हणजे त्याविषयीं दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यानें मुलें बिघडतील. दुसरा म्हणतो, यावांचून मुलें मागें पडतील. त्या साधनाकडून नेमकें कोणतें काम करून घ्यावयाचें, हा विचार मात्र दोन्ही पक्षांस सुचत नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत गूगल अर्थ या नकाशाच्या साधनावरून असाच वाद बरेच दिवस चालला होता. पुढें त्याच साधनाच्या मदतीनें मुलांनीं एक जुनें मराठी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलें. तो अनुभव वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या घरीं मुलें चार. चारही इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. घरांत मराठी उत्तम बोलतात, सणावारीं आरत्या खणखणीत म्हणतात. परंतु मराठी पुस्तक हातीं दिलें कीं पहिल्याच पानावर जांभया येऊं लागतात. ज्या घरांत दोन कपाटें मराठी ग्रंथांनीं भरलेलीं आहेत, त्या घरांतील पुढच्या पिढीस तीं कपाटें केवळ शोभेचीं वाटावींत, ही गोष्ट मला फार सलत असे. बोलण्यापुरती भाषा स्वयंपाकघरांतही टिकते; विचार करण्याची भाषा वाचनावांचून टिकत नाहीं.

पुस्तक निवडलें तें विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’. पेण तालुक्यांतील वरसईचे हे भटजी १८२७ सालीं जन्मले. घरचें कर्ज फिटावें म्हणून १८५७ सालीं ते आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानांत निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार व दक्षिणाही मोठी मिळणार, अशी वार्ता त्यांच्या कानीं आली होती. वाटेंत बंडाची धामधूम उसळली. झांशीचा वेढा त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला, लुटारूंच्या हातीं सांपडले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरीं परतले. ही हकीकत त्यांनीं १८८३ च्या सुमारास लिहून काढली व चिंतामणराव वैद्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ति दत्तो वामन पोतदारांनीं पुढें १९६६ सालीं काढली.

आमचा नियम एकच होता. भटजी ज्या गांवीं पोंचतील त्या गांवीं नकाशावर टांचणी लावावयाची; परंतु ज्या वाक्याच्या आधारें ती लावली तें वाक्य सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविल्याखेरीज टांचणी लावावयाची नाहीं. गांव निश्चित सांपडलें तर टांचणी हिरवी, संशय असेल तर पिवळी. नकाशा दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्यावर व पुस्तक मुलांच्या हातीं, अशी रोज रात्रीं जेवणानंतर तासभर बैठक भरे.

आरंभीं मुलांचें लक्ष पडद्याकडेच होतें, हें सांगावयासच नको. परंतु पिवळ्या टांचण्यांनीं हळूहळू आपलें काम केलें. ब्रह्मावर्त कोठें आहे? कानपुराजवळचें बिठूर तें हेंच, असें ठरेपर्यंत दोन रात्री गेल्या. महू सांपडलें, पण २००३ पासून त्याचें नांव डॉक्टर आंबेडकर नगर असें झालें आहे, हें कळल्यावर नांवें कां बदलतात यावर निराळाच वाद झाला. टांचणी पिवळीची हिरवी करावयाची तर मागचीं चार पानें पुन्हां वाचावीं लागत, नदी डाव्या हातास होती कीं उजव्या, मुक्काम एक झाला कीं दोन, हें शोधावें लागे. एरवीं एक परिच्छेद दोनदां वाचावयास सांगितला तर रुसणारीं हीं मुलें एकेक वाक्य वकिलासारखीं उलटसुलट तपासूं लागलीं. वाचन म्हणजे तरी दुसरें काय?

नकाशा तिरपा केला कीं डोंगर उभे राहतात. वरसईपासून महूपर्यंतचें अंतर सरळ रेषेनें सुमारें ५०० किलोमीटर भरतें. पण मध्यें सह्याद्रि आहे, तापी आहे, सातपुडा आहे, नर्मदा आहे आणि शेवटीं विंध्याची चढण. धाकटा पुतण्या म्हणाला, “काका, ते रेल्वेनें कां गेले नाहींत?” तेव्हां मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी १८५३ सालीं सुरू झाली आणि बोरघाटांतून लोहमार्ग पार व्हावयास १८६३ साल उजाडलें, हें सांगावें लागलें. पडद्यावर दिसणारे रूळ व रुंद रस्ते मनानें पुसून टाकल्यावांचून भटजींची वाट दिसत नाहीं, ही गोष्ट त्याच्या ध्यानीं आली. नकाशा आजचा आहे आणि पुस्तक कालचें, हा भेद एकदां कळला कीं दोहोंचाही उपयोग होतो.

आमच्या मातोश्रींचा या उद्योगास प्रथम विरोध होता. “डोळे बिघडवून घ्यायचे, आणि वर त्याला अभ्यास म्हणायचें!” हा त्यांचा शेरा. परंतु कावड म्हणजे काय, ती जमिनीवर कां टेकवीत नाहींत, असले प्रश्न निघूं लागले, तेव्हां नकाशाला उत्तर येईना आणि मलाही पुरतें येईना. मुलें आजीकडे धांवलीं. तेव्हांपासून त्यांची खुर्ची बैठकींत कायमची आली.

झांशीच्या प्रकरणीं मात्र बैठकीचा रंग पालटला. एप्रिल १८५८ च्या आरंभीं इंग्रजी फौज शहरांत शिरली व त्यानंतर जी कत्तल आणि लूट झाली, ती भटजींनीं जीव मुठींत धरून पाहिली. थोरल्या पुतणीनें तीं पानें वाचलीं. धाकट्यानें नकाशा जवळ आणला. किल्ला स्पष्ट दिसत होता. त्याच्या शेजारीं दाट वस्ती, गच्च्या, पाण्याच्या टाक्या. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “येथें तर कांहींच झालेलें दिसत नाहीं.” टांचणी लावण्याचें कोणासच सुचलें नाहीं. त्यानें लॅपटॉप मिटला, बहिणीच्या हातून पुस्तक घेतलें आणि तींच पानें मनाशीं पुन्हां वाचावयास बसला. इतके दिवस ज्या क्षणाची मी वाट पाहत होतों, तो हा. भूमि आपल्यावर घडलेलें विसरते; कोणीतरी लिहून ठेवलें म्हणूनच तें उरतें, हें त्या अकरा वर्षांच्या मुलास कोणी न सांगतां उमगलें. दुसऱ्या दिवशीं झांशी ते काल्पी हें अंतर त्यानें स्वतः मोजलें. तें सरळ रेषेनेंच सुमारें १४० किलोमीटर भरलें. तेवढी मजल मारून गेलेली राणी त्याच्या दृष्टीनें केवळ चित्रांतली राहिली नाहीं.

प्रत्येक पुस्तकास ही युक्ति लागू पडेल, असें मी म्हणत नाहीं. भावगीतास टांचणी टोंचून हातीं कांहीं लागावयाचें नाहीं. परंतु जेथें माणूस खरोखर चालला आहे, तेथें नकाशा बोलका होतो. थोरल्या पुतणीनें पुढें आपण होऊन लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ घेतलीं. जलालपूर, नाशिक, नागपूर, राजनांदगांव, अहमदनगर, राहुरी अशा टांचण्या लावल्यावर ती मला म्हणाली, “काका, यांतले किती प्रवास लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या मनानें केले?” नकाशावरच्या रेषा पाहून तिला हा प्रश्न सुचला, त्याचें उत्तर शोधण्यास मात्र तिला पुस्तकाकडेच वळावें लागलें.

साधन हें दारापर्यंत पोंचविणाऱ्या गाडीसारखें असतें. घरांत जावयाचें तें आपल्या पायांनींच. मुलांच्या हातून नकाशा काढून घेण्यापूर्वीं त्यांच्या दुसऱ्या हातीं एक चांगलें पुस्तक देऊन पाहावें, आणि घरांतील वडील माणसांनीं जवळ बसावें, इतकीच माझी सूचना. आमच्या कपाटांतील वरचा खण आतां अर्धा रिकामा असतो. पुस्तकें कोणाच्या ना कोणाच्या उशाशीं सांपडतात. आवराआवरीची तक्रार आमच्या मातोश्रीही अलीकडे करीत नाहींत.