कडपांचा वास

कापून बांधीत पसरलेल्या धानाच्या कडपांवर रात्रीचं दव पडलं की एक वास सुटतो, गोडसर, किंचित कुबट, ओल्या आणि वाळल्याच्या मधला. कोंढ्यात वाढलेल्या माणसाला त्या वासाबरोबर मंडई आठवते. भाऊबीज सरली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार रंगते आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचं नाटक पार पहाटेपर्यंत चालतं. मला मात्र एक वाक्य आठवतं.

अकरावीत होते. शिकवणीला येणारा एक मुलगा माझ्या वहीत चिठ्ठ्या ठेवायचा, आणि त्या चिठ्ठ्यांमधली मी मला फार आवडू लागले होते. शेजारच्या गावच्या मंडईत, नाटकाच्या मंडपामागे, पानठेल्याच्या पिवळ्या उजेडात तो मित्रांसोबत उभा होता. कुणीतरी माझं नाव घेतलं. तो हसला. “ते काळी? टाइमपास आहे गा.” मी चार पावलांवर होते, नवा जांभळा ड्रेस घालून, वेणीत आईनं माळलेली शेवंती. मंडपात पेटी वाजत होती आणि बांधीकडून तो वास येत होता.

तो गेल्याचं दुःख लवकर विरलं. मागे राहिले त्याचे डोळे. आरशात मी त्यांनीच पाहू लागले. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होईना. फोटोत मागची रांग. गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब दप्तराच्या तळाशी. छातीत मधोमध दुखायचं, खरोखर दुखायचं, आणि वय आहे, जाईल, असं सगळे म्हणत. पुढे कधीतरी वाचलं की २००३ साली अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, चेंडूच्या साध्या खेळातून वगळलेल्या माणसांच्या मेंदूत, शरीराच्या वेदनेशी नातं असलेला भाग जागा झालेला दिसला होता. किती बरं वाटलं! ती मुलगी नाटक करत नव्हती तर.

पुढच्या आषाढात रोवणीला गेले. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताची बोटं चिखलात खुपसत मागे मागे सरकायचं. पोटरीपर्यंत गाऱ्यात उभ्या बायकांच्या त्या रांगेत कोण कुणाचा रंग पाहतंय? बाजूच्या म्हातारीनं माझ्या ओळीकडे पाहिलं. “तुहा हात मस्त चालते वो पोरी.” एवढंच. किती दिवसांनी माझ्याविषयीची एखादी चांगली गोष्ट मला खरी वाटली होती.

परवा भाची आली, सोळा वर्षांची. तिच्या चिठ्ठ्या फोनमधल्या. नातं तोडताना त्यानं त्या वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या. माझं वाक्य निदान चौघांनीच ऐकलं होतं. हिचं सगळ्या वर्गानं वाचलं, आणि हवं तेव्हा पुन्हा वाचता येतं. या मुलांच्या वाट्याला आलेली ही क्रूरता मला माझ्यापेक्षा फार मोठी वाटते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, “मावशी, तो आठवते तुला?”

तो नाही, म्हटलं. चेहराही धड आठवत नाही.

“मग तू पहिल्यासारखी कधी झाली?”

पहिल्यासारखी झालेच नाही, वेगळी झाले, आणि त्याला बरीच वर्षं लागली, असं खरं ते सांगितलं. रोवणीचंही सांगितलं. मग फोन पालथा ठेवून ती तिचं सांगू लागली, अगदी पहिल्या मेसेजपासून.