मण्यावरची झाक

रहिमतपूरला आमच्या घरी द्राक्षं आली की आई आधी मिठाच्या पाण्याचं पातेलं मांडायची. मण्यांवरची पांढुरकी झाक चोळून काढल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकायची सोय नव्हती. "औषध मारलेलं असतं," ती म्हणायची.

द्राक्षं पलूसची, मामांच्या बागेतली. मिरजेकडच्या पॅसेंजरने आम्ही किर्लोस्करवाडीला उतरायचो. दिवाळीत गेलं तर पानं निळसर डागांनी माखलेली असत. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो. हे नाव फ्रान्समधल्या एका शहराचं आहे, आणि केवडा रोगावरचा हा उतारा 1885 च्या सुमारास तिथल्याच वाइनच्या मळ्यांतून जगभर गेला, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा बोर्डो म्हणजे मामांच्या सदऱ्यावरचा न निघणारा डाग, एवढंच.

विहिरीच्या कडेला एक मोकळा वेल होता. त्याच्यावर कधी काही मारलं नाही. त्याचा मणी मामांनी अंगठ्याने पुसून दाखवला. झाक तिथंही होती. "ही त्याची सोताची हाय. आईला सांग."

आईला ते कधीच पटलं नाही.

2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पलूसला वाइन पार्क ठरलं. मामा माळकरी, तरी त्यांनी एक एकर शिराझ लावली. बेदाण्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला तो मणी बघवेना, इतका बारका. पण वाइनला तेच हवं असतं: मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग सालीतच असतो. म्हणून मणी फुगवणाऱ्या जीएमध्ये घड बुडवायचे नाहीत, पाणीही बेतानं. करार झाला होता. तिसऱ्या हंगामात माल कुणी उचलला नाही. उपटलेले बुंधे दोन उन्हाळे चुलीत जळले.

मामेबहीण फ्रान्समध्ये ल्योंला असते. तिच्याबरोबर मी जवळच्या मॉर्गोंला, वाइनच्या मळ्यांत गेले. वाइन करणाऱ्या मार्सेल लापिएर यांनी तिथं 1980 च्या दशकात, रसायनतज्ज्ञ ज्यूल शोव्हे यांचं ऐकून, फवारणीची कृत्रिम औषधं आणि विकतचं यीस्ट सोडलं होतं. त्या वाटेने जाणारे छोटे मळे आता आसपास बरेच आहेत. अशाच एका मळ्यात घड न धुताच पिंपात पडत होते. सालीवरचं आणि तळघरात वावरणारं यीस्टच रस आंबवतं. गंधक घातलं तर नावापुरतं. वाइन गाळत नाहीत.

तळघराचं दार उघडलं आणि मी थबकले. कुरडईसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाचा वास! चैत्रात आमच्या माजघरात भरून राहायचा तोच. त्यात आई बाहेरचं काही घालत नसे. रोज पाणी बदलायची आणि वाट बघायची. तीच आई, जिला मण्यावरची झाक सोसत नव्हती.

वाइन फिकट लाल, किंचित गढूळ, करवंदासारखी आंबटसर. मला ती मनापासून आवडली.

रिकामी बाटली मी पलूसला नेली. मामांनी ती उजेडात धरून तळाचा गाळ पाहिला. बूच नाकाशी बराच वेळ धरलं.

"तिथं केवडा येत न्हाई व्हय?"

"येतो. तेही बोर्डोच मारतात. सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबं, त्याच्यावर परवानगी नाही."

मामा बोटांवर आपल्या एकराचा हिशेब करू लागले.